थोरला आजा पुण्याला गेला

बायकोला नाही, पोरांना नाही, देवापुढं हात जोडतानासुद्धा नाही — हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते माझं मलाही नीट कळत नाही.

बेळगावात तेव्हा एक लहानसं संग्रहालय होतं. इंग्रजी अमदानीची शेवटची वर्षं ती. जुनी दगडी कचेरी, सरकारनं राखून ठेवलेली. भिंतीत खिळा ठोकायचा तरी वरून परवानगी आणावी लागायची. मी तिथं मदतनीस होतो — शहापुरातल्या आमच्या विणकराच्या घरातला पहिला नोकरदार! अजून डोळे मिटले की चुन्याच्या भिंतींची ती गार हवा अंगाला लागते. कमानीतून तिरपं येणारं ऊन, पारव्यांचं घुमणं, संग्रहालयाच्या मुख्य साहेबांच्या चिरुटाचा वास... फार जीव होता माझा त्या खोल्यांवर. हे कारण म्हणून सांगत नाही. होता, एवढंच.

उचगावात माझं आजोळ. मामाच्या शेताच्या बांधावर, जांभळीखाली, एक वीरगळ उभा होता — लढाईत पडलेल्या कुणाच्या तरी आठवणीचा कोरीव दगड. खाली घोड्यावरचा वीर, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. तो आपला मूळपुरुष, असं घरात मानायचे. मामा वारल्यावर मामीच दर अमावास्येला त्याला तेल घालायची. थोरला आजा म्हणायची. तिचा एकुलता नामदेव महायुद्धावर गेला होता, आणि कित्येक महिने त्याची खबर नव्हती. ती आज्याशी बोलायची. पोराला जिता आण, तुला पटका बांधीन.

हे सगळं माहीत असून मी साहेबांना त्या दगडाचं सांगितलं. कुणी विचारलं होतं मला? शाबासकी हवी होती — दुसरं काय!

"साहेब धुऊन फोटू काढणार, मामी. सुगीच्या आदी परत आणतो."

"आणशील न्हवं रं? नामा यायच्या आदी आण बघ."

"आणतो की."

परत येणार नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. दगड बैलगाडीत चढवायच्या आधी तिनं खाली गवत अंथरलं. आज्याला हिसकं बसू नयेत म्हणून.

सुगी आली, गेली. मग नामदेव आला — वाळलेला, पण धडधाकट. आणि त्यानंतर एका सकाळी मामी संग्रहालयाच्या दारात! उचगावाहून चालत आलेली. हातात नारळ, तेलाची बुधली आणि कोरा तांबडा पटका. आत पाहुणे आले होते, साहेब त्यांना वीरगळच दाखवत होते. दगडांना तेल लावणाऱ्यांवर साहेब चिडायचे, हे खरं. पण साहेबांची भीती थोडीच होती. लाज वाटली मला — तिच्या धुळीनं भरलेल्या पायांची, त्या बुधलीची.

पायरीवरच अडवलं मी तिला.

"आजा पुण्याला न्हेलाय, मामी. मोठ्या म्युझियमात."

दोन भिंतींपलीकडं उभा होता तो.

मामी रागावली असती तर! — पण तिचा चेहरा उजळला. "पुण्याला? एवढा मान मिळाला व्हय आज्याला?" पटका, नारळ, सगळं तिनं माझ्या हातात दिलं. "तू जाशील तवा बांध. माझ्याच्यानं कुठं हुतंय तेवढ्या लांब?" आणि आली तशी चालत गेली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तो पटका मला बांधता आला असता. किल्ली माझ्याचकडं असायची. नाही बांधला. ट्रंकेत टाकला, पुढं कसर लागली.

नंतर उचगावला गेलो तेव्हा तिनं पहिलं तेच विचारलं.

"बांधलास?"

"बांधला की, मामी."

"कसा दिसत हुता रं आजा?"

शोभून दिसत होता, म्हणालो. तिनं नामदेवला हाक मारून मला ते पुन्हा सांगायला लावलं.

मामी पुढं पुष्कळ वर्षं जगली. घरी कुणी पाव्हणं आलं की मला समोर बसवून आज्याचं सांगायला लावायची. आणि मी सांगायचो — दर वेळी थोडं वाढवून.