मामाच्या तीन खुणा

आमचा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. प्रत्येक लिफ्टचं एक कार्ड असतं, त्यावर तीन चौकोन: पाहिलं, चालवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. तीन खुणा केल्या की सही ठोकायची आणि घर गाठायचं. मामाने तीस वर्षं तेच केलं. गेल्या वर्षापासून मात्र तो सही करून निघायचा आणि अर्ध्या वाटेवरून मागे फिरायचा. ब्रेक नीट बसलाय ना? परत वर, परत खाली. एका इमारतीतल्या लोकांना तर वाटलं, हे गृहस्थ इथेच राहायला आले.

आम्ही हसायचो, मी जरा जास्तच. मग एका दुपारी तो भरल्या ताटावरून उठून गेला आणि तीन तासांनी परत आला. "ब्रेक ठीक आहे हे मला कळतं रे," तो म्हणाला, "डोकं ऐकत नाही." साहेबांनी बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत डॉक्टरांचं पत्र आणा, नाहीतर हत्यारांची पेटी जमा करा. माझं हसू तिथेच आटलं.

आता मानसोपचारतज्ज्ञ हवा आणि तोही सरकारी आरोग्य विम्यावर तपासणारा, कारण दुसरं परवडणारं नव्हतं. विमा कार्यालयाने अठ्ठावीस नावांची यादी माझ्या हातात कोंबली. यादी करणाऱ्यालाच आधी तपासायला हवं, असं माझं स्वच्छ मत आहे. पहिला नंबर दातांच्या दवाखान्यात लागला. दुसरीकडे एक बाई म्हणाल्या, "डॉक्टरांना जाऊन सहा वर्षं झाली. पण तुम्हाला होतंय काय?" आणि त्यांनी अर्धा तास सल्ला दिला, तोही बऱ्यापैकी. तिसरे डॉक्टर जिवंत होते, पण विम्याचं नाव काढताच त्यांची रिकामी वेळ पुढच्या वर्षात गेली. मी यादी भिरकावली.

मामाने ती उचलली, पट्टी घेतली आणि प्रत्येक नावापुढे तीन चौकोन आखले. फोन लावायचा, "विमा चालतो का?" ठेवायचा. परत लावायचा, "मघाचाच मी. नक्की चालतो?" नाही म्हणणाऱ्यांनाही त्याने तीन-तीनदा नाही म्हणायला लावलं.

एकोणिसाव्या नावाला चक्क होकार आला. "शुक्रवारी सकाळची वेळ आहे, लिहू?"

"थांबा, खात्री करून सांगतो," म्हणून मामाने फोन ठेवला. पुन्हा लावेपर्यंत ती वेळ दुसऱ्याने पटकावली होती. तेविसाव्याला हेच झालं. मामीने कपाळाला हात लावला. "अहो, एकदा हो म्हणा आणि मोकळे व्हा!"

"तिसरी खूण राहिली होती," मामा रडवेला होऊन म्हणाला. आजारामुळे डॉक्टर हवा आणि आजारामुळेच तो मिळत नाही! मला त्याचा राग आला, आणि दयाही.

शेवटच्या, अठ्ठाविसाव्या नंबरवर दवाखान्यातल्या बाईंनी तिसऱ्यांदा फोन उचलला. "काका, तुम्हीच ना? तुमचं नाव मी पहिल्याच फोनला लिहून टाकलंय. तुमच्यासारखे आमच्याकडे पुष्कळ येतात. उद्या साडेदहाला या, आणि आता फोन करू नका."

मामाने दिवसभर फोन केला नाही. मामीने तो पिठाच्या डब्यात ठेवला होता.

दवाखाना चौथ्या मजल्यावर होता. मामीने आम्हाला जिन्याने नेलं; लिफ्टने गेलो असतो तर मामा डॉक्टरांपर्यंत पोचलाच नसता. पाऊण तासाने तो बाहेर आला, डोळे लाल, हातात चिकटवलेला लिफाफा.

"पत्र दिलं?" मी विचारलं.

"हो, दिलंय म्हणाले. आणि दर गुरुवारी यायचंय."

"उघडून बघितलंस? सही आहे? तारीख बरोबर आहे?"

मामाने लिफाफा उलटसुलट केला. चिकटवलेल्या कडेला नख लावलं. मग त्याने तो खिशात घातला आणि वरून हात दाबून धरला.

"असेल," तो म्हणाला आणि जिना उतरायला लागला.

मामी तिथल्याच बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.