डोक्यावर दिवा नको

इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं की वायर, बल्ब आणि किस्से असा तीन प्रकारचा माल आपोआप साचत जातो. पहिले दोन विकले जातात, तिसरा चहाच्या वेळेला बाहेर निघतो. लातुरात आमच्या दुकानाच्या पायरीवर रोज संध्याकाळी आम्ही तिघं बसायचो. मी, प्लंबर रशीदभाई आणि माझा वायरमन बालाजी. गंमत बघा, हॉलमधल्या झुंबराचा एकही किस्सा आम्हाला आठवायचा नाही. सगळे बाथरूमचे! माणूस हॉलसाठी सढळ हातानं खर्च करतो आणि बाथरूमची वेळ आली की म्हणतो, "तिथं काय, एक बल्ब लावून टाका."

*

अशाच एका बल्बची गोष्ट. शहरात क्लासेसचं पेव फुटलं, तेव्हा फिजिक्सचे एक सर बाहेरगावाहून आले आणि भाड्याच्या घरात राहिले. घरमालकानं बाथरूमचा बल्ब दाराच्या वर लावलेला, आरसा समोरच्या भिंतीवर. आरशापुढं उभं राहिलं की उजेड पाठीवर आणि आपलीच सावली आपल्या तोंडावर!

एका सकाळी सर घाईघाईत दाढी करून क्लासला गेले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर खुंट. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, अर्धा चॅप्टर राहिला!"

सर त्याच दुपारी दुकानात हजर.

*

बालाजीनं जोडलेल्या बाथरूममध्ये असं कधी झालं नाही. तो आरशाच्या दोन्ही बाजूंना, तोंडाच्या उंचीवर, दुधी काचेचे दोन दिवे लावायचा. छताला काहीही लावायला त्याचा ठाम नकार. गिऱ्हाईक कितीही चिडू दे!

नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंच्या बंगल्याचं काम आम्ही केलं. बाई आरशापुढं उभ्या राहिल्या आणि एकदम खूश झाल्या. "डोळ्यांखाली सावली नाही, हनुवटीखाली नाही, टिकली अगदी मधोमध! बालाजी, कुठं शिकलात हो हे?"

"गावाकडं," बालाजी म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी आणि रशीदभाई पोट धरून हसलो. गावाकडं म्हणे! बालाजी हसला नाही. "डोस्क्यावर काही लटकवायचं न्हाई, मालक," तो म्हणाला. "उघडं माणूस खाली उभं ऱ्हातं."

बालाजी किल्लारीच्या पट्ट्यातला. भूकंप झाला तेव्हा हा शेतात पाणी द्यायला गेला होता. घराचं मातीच्या माळवदाचं छत खाली बसलं आणि बायको, सुमन, त्याच्याखाली गेली. पाळण्यातली लेक मंगल तेवढी वाचली.

*

पण या माणसाच्या स्वतःच्या बाथरूममध्ये ना दिवा होता ना आरसा. पत्र्याची खोली, तिला कडी नसलेलं दार. स्वतःची दाढी तो सलूनमध्ये डोळे मिटून करून घ्यायचा. "बघू वाटत न्हाई," एवढंच सांगायचा. मंगल बिचारी उंबऱ्यावर बसून हातातल्या आरशात वेणी घालायची.

ती लग्नाची झाली. पहिले पाहुणे आले ते ऐन पावसाळ्यात, आभाळ गच्च भरलेलं असताना. तिनं अंधारातच आवरलं. पावडर कुठं बसली, कुठं राहिली. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा प्याले आणि निरोप पाठवला, "मुलीच्या तोंडावर कोड आहे का?"

कोड! त्या पोरीच्या तोंडावर साधा तीळ नव्हता. मला तेव्हा संताप आला, आजही येतो. कारण ही बातमी दुसऱ्या गावी आधी पोचते आणि आपण मागून.

मंगल बापाला म्हणाली, "बाबा, सगळ्या लातूरला लाईट लावून राहिले तुम्ही. आपल्या घरी आरसा आन् लाईट लागंस्तोवर मी कुणापुढं बसणार न्हाई."

बालाजी म्हणाला, "बघू." वर्ष सरलं तरी त्याचं बघूच चाललं होतं.

*

हॉस्टेलवाल्यांचं तर विचारू नका. एका मालकानं मुलींच्या बाथरूममध्ये झीरोचा बल्ब लावायला सांगितला. आरसा नाही. "तोंड बघायला फी भरली नाही त्यांच्या बापानं!"

कंधार, धर्माबादच्या त्या पोरी. त्यांनी मालकाच्या स्कूटरचा आरसा धरला. सकाळी क्लासला जायच्या आधी स्कूटरपाशी रांग! मालक दुकानात येऊन तक्रार करायला लागले, "आरसा रोज भलतीकडंच वळलेला असतो. मागचं काही दिसत नाही."

रशीदभाई म्हणाला, "पुढचं तरी कुठं दिसून राहिलं तुमाला!"

*

त्याच मालकाचं मुलांचं हॉस्टेल. तिथं काम करताना बालाजी म्हणाला होता, "बाथरूमला आतून कडी बसवू नका. दार अडकलं की माणूस आत ऱ्हातं." मालक हसले होते. "अरे, भूकंप काय रोज होतो का?"

एका टेस्टचा निकाल लागला आणि देगलूरचा एक मुलगा बाथरूममध्ये गेला, कडी लावून घेतली आणि हाकेला ओ देईना. पोरांनी खांदे लावून दार तोडलं. वाचला तो, नशीब. बाप येऊन त्याला गावी घेऊन गेला. पोराच्या हाताला पट्टी होती आणि बाप ट्रंक उचलून पुढं चालत होता.

दुसऱ्याच दिवशी मालकांचा फोन. सगळ्या कड्या काढा!

बालाजीनं कड्या काढून आणल्या आणि पिशवी माझ्या काउंटरवर ठेवली. मी म्हणालो, "शेवटी तुझंच ऐकलं की."

"हाव," तो म्हणाला. "पन त्येला आदी एक पोरगं लागलं."

जाताना त्यानं रॅकवरचे दोन दुधी दिवे उचलले. "मंगलसाठी," म्हणाला.

*

रविवारी आम्ही दोघं त्याच्या घरी मदतीला गेलो. मदत कसली, बालाजी कुणाला हात लावू देईना. आरसा भिंतीत असा पक्का बसवला की हलवून हलवून रशीदभाईच दमला. दोन्ही बाजूंना दिवे. डोक्यावर अर्थातच काही नाही.

बटण दाबलं. मंगल आत गेली. तिनं टिकली लावली, गाल इकडून बघितला, तिकडून बघितला आणि हसायला लागली. "कुठंय कोड? बघा की बाबा, एक डाग न्हाई!"

आम्ही दाराशी उभे होतो.

"तुमी पन या," म्हणून तिनं बापाचा हात धरून त्याला आत ओढलं. बालाजी आरशापुढं उभा राहिला. कुठंही सावली नाही, सगळं लख्ख. पांढरे केस, ओघळलेले गाल, डोळ्यांखालच्या पिशव्या. त्यानं हनुवटीवरून हात फिरवला.

"काय झालं, बाबा?"

"सुमन गेली तवा माझा एक केस पांढरा नव्हता," बालाजी म्हणाला. "आता तिनं मला वळखायचं कसं?"