हळदीकुंकवाच्या सह्या

परळच्या आमच्या गल्लीत टॅक्सी बंद होणार, अशी नोटीस लागलीय. सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. त्यांनी नाक्यापर्यंत चालायचं कसं, हे विचारायला आज वॉर्ड ऑफिसात गेले.

"मॅडम, रहिवाशांचीच मागणी आहे," म्हणत क्लार्कनी संमतीची यादी दाखवली.

यादीत माझी सही होती! खाली नणंदेची.

"अहो, ही डोंबिवलीला राहते."

"इथे स्थानिक लिहिलंय."

मग आठवलं. जानेवारीत आम्ही दोघी चाळीच्या हॉलमध्ये हळदीकुंकवाला गेलो होतो. नगरसेवक निधीतून हॉल दुरुस्त करून देऊ म्हणणाऱ्या ताईंनी वाण देताना प्रत्येकीची सही घेतली. कागदावर वर काय लिहिलंय, ते मी वाचलंच नाही. तोच कागद असेल का हा? आता दुरुस्तीबद्दलही संशय येतोय.

घरी येऊन नणंदेला फोन केला.

"वहिनी, मी तर दोन सह्या केल्या. आईचंही वाण घेतलं ना, तिच्या नावाने!"

म्हणजे टॅक्सी बंद करायला सासूबाईंचीही संमती आहे. त्या आत झोपल्यात, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

उद्या हरकतीचा अर्ज देतेय. तुम्ही अलीकडे कशाकशावर सह्या केल्यात, आठवतंय?