बाथमधल्या घंटा
गरम चिप्सवर व्हिनेगर शिंपडलं की मला अजूनही इंग्लंडमधल्या बाथ शहरातला तो फोन बूथ आठवतो. मी साउथहॅम्प्टनला एमएस्सी करत होते आणि तिकडे पुण्यात पॅरालिसिसच्या अटॅकने बाबांची वाचा गेली होती. ‘परीक्षा देऊनच ये,’ असं आईने बजावलं होतं. मी नुसती रूममध्ये बसून राहते म्हणून फ्लॅटमेटने एका वीकेंडला मला ओढतच बाथला नेलं. रोमन लोकांच्या त्या हिरव्या, वाफाळत्या कुंडापाशी ती फोटो काढत राहिली. मला तिथलं काहीच दिसत नव्हतं. शेवटी मी कॉलिंग कार्ड घेऊन जवळच्या बूथमध्ये शिरले. आत कुणीतरी टाकलेल्या चिप्सचा आंबूस वास कोंडला होता. आई म्हणाली, “फोन त्यांच्या कानाला लावते, बोल काहीतरी. त्यांना सगळं समजतं.” पलीकडे बाबांचा श्वास ऐकू आला आणि बोलायचं सोडून मी तो ऐकतच राहिले. तेवढ्यात समोरच्या चर्चच्या घंटा वाजायला लागल्या. मी पायाने दार उघडं धरलं आणि निदान एवढं तरी त्यांच्यापर्यंत पोचू दे म्हणून कार्डावरचे पैसे संपेपर्यंत रिसीव्हर बाहेर धरून उभी राहिले. माझी परीक्षा व्हायच्या आतच बाबा गेले. गेल्या वर्षी पहिल्यांदा धीर करून आईला विचारलं, घंटा ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं होतं का? “कसल्या घंटा?” ती म्हणाली. “नुसती खरखर येत होती गं. लाइन कट झाली तरी ते फोन कानापासून काढू देईनात.”