पाच किलो गहू

आंबलेल्या गव्हाचा वास कुठूनही आला की मला परभणीतला तो मे महिना आठवतो. पत्रे असे तापायचे की दुपारी घरात बसवत नव्हतं, कूलर गरम वाफ फेकायचा, आणि मी दिवाळी अंकाची कथा आणि शाळेची स्मरणिका एकदमच अंगावर घेतली होती, कारण लेखिका म्हटलं की मी कशालाही हो म्हणते. सासूबाईंनी नणंदेच्या सासरी पाठवायच्या कुरडयांसाठी पाच किलो गहू भिजत घातले आणि रोज पाणी बदलायचं मला बजावून त्या गंगाखेडला बहिणीकडे गेल्या. माझी नायिका नेमकी तेव्हाच घर सोडून निघाली होती. मी गव्हाकडे फिरकलेच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी येऊन झाकण काढलं, तर वर फेस आणि आत आळ्या. "उन्हानं झालं असंल, आई," नवरा म्हणाला. "ऊन सगळ्या परभणीला हाय. गहू माझेच का नासले? कागदावरल्या माणसांचं सगळं येळच्या येळी व्हायलंय, गव्हाचं पाणी बदलायला सवड न्हाई." गहू शेजारच्या म्हशीपुढे गेले, नणंदेकडे कुरडया गेल्याच नाहीत, आणि पुढचे दोन महिने सासूबाई माझ्याशी माझ्या मुलीमार्फत बोलल्या. दिवाळीत अंक आला, तेव्हा त्यांनी नातीकडून कथा वाचून घेतली, शेवटपर्यंत ऐकली आणि शांतपणे विचारलं, "ह्याच्यापायी पाच किलो?" आजही कथा संपली की मी ती त्या गव्हाशी तोलते, आणि बहुतेक वेळा गहूच भारी भरतात.