व्याह्यांचे पांढरे मोजे

रियाधच्या एका बँकेत मी बावीस वर्षं धोके ओळखण्याचं काम करतो. म्हणजे दुसऱ्यांचे. घरात मी कधी एखादा खड्डा चुकवल्याचं अलकाला, म्हणजे माझ्या बायकोला, आठवत नाही.

आमच्या आसावरीनं इथल्याच एका हॉस्पिटलमधला स्कॉटिश डॉक्टर पसंत केला. मुलगा चांगला, पण घर सातासमुद्रापलीकडचं. तिथे तिच्या माहेराला कोण विचारणार, या काळजीनं मी आतून पोखरलो होतो. साखरपुडा आमच्याच कंपाउंडच्या हॉलमध्ये ठरला आणि मानपानात काही कमी पडू द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. आसावरीची एकच विनंती होती, काही आणण्याआधी तिला विचारावं. मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जातं?

विहीणबाईंची पैठणी अलकानं घेतली. पुरुषांचं खातं मी ओढून घेतलं. व्याही आणि त्यांचे दोन भाऊ किल्ट घालून येणार होते, तो गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा घोळदार पोशाख. त्या चौकड्या ज्याच्या त्याच्या घराण्याच्या, त्या आपण कशा द्यायच्या? म्हणून खाली घालायचे लांब लोकरी मोजे द्यायचं मी ठरवलं. त्यांनी पाठवलेल्या फोटोतला किल्ट हिरवा-निळा होता. साडीच्या काठावरून ब्लाउजपीस काढतो तसा त्यातलाच गडद हिरवा घ्यावा, असं अलकाचं मत पडलं. मी हसलो. इथले पुरुष लग्नालाही पांढराच तोब, म्हणजे पायघोळ अरबी झगा, घालतात, पांढरा कशावरही जातो, हे मी तिला प्रेझेंटेशनच्या सुरात समजावलं आणि तीन जोड मागवले.

आदल्या दिवशी ताटात मोजे मांडले, वर नारळ ठेवला, कडेला हळदकुंकू. व्याह्यांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, मोजे उलगडले, भावांकडे पाहिलं आणि उद्या हेच घालू म्हणाले. माझी छाती दोन इंच फुगली.

साखरपुड्याला तिघे पांढरेशुभ्र पाय घेऊन आले. मागून भाड्यानं बोलावलेला बॅगपाइपवाला आला. त्याचेही मोजे पांढरे. आपली निवड किती अचूक, हे त्याच्या तोंडून ऐकायला मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो. तो बिचारा गोंधळला होता. पांढरे मोजे वाजवणाऱ्यांचे, त्यानं सांगितलं; पाहुणे अशा समारंभाला किल्टमधलाच एखादा गडद रंग घेतात. या तिघांना त्यानं वाद्यं कुठे ठेवलीत म्हणून विचारलंही होतं.

म्हणजे मुलीच्या साखरपुड्यात मी व्याह्यांना बँडवाले करून टाकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आसावरीला कोपऱ्यात गाठून मी विचारलं, तिच्या सासऱ्यांना हे ठाऊक होतं का.

"ताट बघितल्या क्षणी," ती म्हणाली. "मी म्हटलं, घालू नका, बाबा कुणाला विचारत नाही. तर म्हणाले, तुझ्या वडिलांनी दिलेत ना, मग आज आम्ही बँडवाले."

"आता मी काय करू?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. असा प्रश्न मी तिला जन्मात विचारला नव्हता.

"माफी मागू नकोस, त्यांना ऑकवर्ड होईल. नुसता त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहा."

गेलो. व्याह्यांनी सरकून मला मध्ये घेतलं. पोरीची काळजी तिथेच मिटली. डोळे मात्र भरून आले, आणि रुमाल नेहमीप्रमाणे अलकाकडे होता.