स्पेसबारचा दाखला

शहाडच्या शाळेत मी हेडक्लार्क. शाळा सोडल्याचा दाखला छापायची माझी एक पद्धत होती आणि तिचा मला कोण अभिमान! फॉर्म आधीच छापलेला असायचा, टिंबांच्या ओळींचा. त्या ओळींवर मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख नेमकी बसावी म्हणून मी कॉम्प्युटरवर स्पेसबार मोजून दाबायचे. नावाआधी अठरा, आईच्या नावाआधी बावीस. आधी कोऱ्या कागदावर प्रिंट काढायची, ती फॉर्मवर ठेवून दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावायचे. उजेडात अक्षरं टिंबांवर बसलेली दिसली की जीव भांड्यात पडायचा.

यंदा शाळेने ठरवलं, विकतचं ऑफिस सॉफ्टवेअर बंद, आता फुकटचं वापरायचं. माझी फाइल त्यात उघडली आणि सगळं इकडचं तिकडे! जन्मतारीख जातीच्या ओळीत, आईचं नाव कुठच्या कुठे. मी जाम भडकले. "फुकटचं ते फुकटचंच," असं स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवून आले. आमचे कॉम्प्युटरचे सर शांत माणूस. त्यांनी नव्यात एक तक्ता आखून दिला, प्रत्येक माहितीला तिचा तिचा चौकोन. नाव कितीही लांब असो, शेजारचं हलणार नाही म्हणाले. मी "बघते" म्हटलं आणि महिनाभर ढुंकून बघितलं नाही. जुनं सॉफ्टवेअर असलेली माझी मशीन होतीच की कोपऱ्यात.

एका सकाळी ती मशीन सुरूच होईना. नेमकी त्याच दिवशी एक मुलगी आली. खाडीकडच्या कोळी घरातली, आमच्याकडूनच बारावी झालेली. तिचा नर्सिंगला नंबर लागलेला, पण चार वाजेपर्यंत ठाण्याला दाखला दाखवला नाही तर सीट दुसऱ्याला जाणार.

"मॅडम, आता मिळेल ना?"

"बस गं तिथे, घाई करू नकोस," मी खेकसले. माझाच जीव वरखाली होत होता. मुकाट्याने दुसऱ्या मशीनवर सरांचा तक्ता उघडला, माहिती भरली, प्रिंट काढली, काचेला लावली. अगं बाई! पहिल्याच फटक्यात सगळं जागच्या जागी. मग खऱ्या फॉर्मवर छापलं, मुख्याध्यापिकाबाईंची सही घेतली, शिक्का मारला.

"नीट वाचून घे," म्हटलं.

तिने आईच्या नावावर बोट ठेवलं आणि हसली. "माझं बरोबर ओळीत आलं."

"तुझं म्हणजे? कोणाचं चुकलेलं?"

तिच्या मोठ्या बहिणीचं. तीन वर्षांपूर्वी. नाव लांबलचक, त्यामुळे पुढचं सगळं सरकून आईचं नाव जातीच्या ओळीत गेलेलं. जूनच्या गर्दीत मी काचेला लावून बघितलंच नसणार. कॉलेजने दाखला परत केला, सीट गेली. आता ती कल्याणला कपड्यांच्या दुकानात उभी असते.

"अगं, मग परत का नाही आली? पाच मिनिटांचं काम!" मी ओरडलेच.

मुलगी एक पाऊल मागे सरकली. "तुम्ही ओरडता ना मॅडम. ती घाबरली."

महिनाभर नव्या सॉफ्टवेअरला नावं ठेवली आणि माझ्या जुन्यातही तेच होत होतं. पण सॉफ्टवेअरचं सोडा. ती पोर दाखला चुकला म्हणून नाही, माझ्या तोंडाला भिऊन घरी बसली. लाज वाटली, खरंच खूप वाटली.

"तू आधी ठाणे गाठ," मी म्हटलं. "आणि बहिणीला पाठव. तो दाखला घेऊन ये म्हणावं, दुरुस्त करून देते. कॉलेजचा फॉर्म भरायला अजून वेळ आहे का ते सरांना विचारून ठेवते."

दोन दिवसांनी दोघी आल्या. धाकटीची ऍडमिशन झालेली, आनंद नुसता उतू जात होता. थोरलीसाठी कॉलेजचा फॉर्म भरायची मुदतही अजून होती, सरांनी सगळं शोधून ठेवलेलं. थोरलीचा दाखला तक्त्यातून छापून मी टेबलावर तयार ठेवला होता, फक्त जुना जमा करायचा बाकी. ती मात्र दाराबाहेरच उभी, हातातल्या पिशवीचे बंद पिळत.

"येऊ का मॅडम?"

"ये गं बाळा," मी म्हटलं. इतक्या हळू म्हटलं की तिला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं.